चौदाव्या वर्षी १४१ सेंटिमीटर: उशिरा वयात आलेल्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोहम (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हा १४ वर्षं २ महिन्यांचा होता, नववीत. घर नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला. वडील एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम पाहतात, आई घरीच ब्लाउज आणि शाळेचे ड्रेस शिवते. सोबत आजी आणि सात वर्षांची धाकटी बहीण.

वडिलांनी येतानाच दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या: उंची वाढवण्याच्या पावडरचा अर्धा रिकामा डबा आणि कुठल्याशा जाहिरातीतून लिहून घेतलेलं वाढीच्या इंजेक्शनांचं नाव. प्रश्न एकच, "सर, किती इंच वाढेल?" आईचं निरीक्षण जास्त कामाचं होतं. सातवीत शिवलेल्या पँटची दुमड तिला दोन वर्षांत एकदाच सोडावी लागली होती. सोहम स्वतः खुर्चीच्या कडेवर बसून जमिनीकडे बघत होता.

उंची १४१ सेंटिमीटर, वजन ३२ किलो. साधारण अकरा वर्षांच्या मुलाची ही उंची. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आम्ही ५ ते १८ वर्षांसाठी वापरतो. त्यावर सोहमचा ठिपका सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली पडला.

अडचण नेमकी कुणाची

घरच्यांच्या लेखी अडचण उंचीची होती. शाळेच्या लेखी ती गैरहजेरीची. पीटीच्या दिवशी पोट दुखायचं, स्काउटच्या शिबिराला जायचं नाही म्हणून त्यानं दोन दिवस जेवण सोडलं. रेशीमबागच्या मैदानावर तो लेगस्पिन टाकायचा, तेही बंद. रांगेत कायम पहिला, वर्गात "छोटू", आणि सिटी बसचा कंडक्टर न विचारता अर्धं तिकीट फाडायचा. हे अर्धं तिकीट त्याला फार लागलं होतं, असं आई म्हणाली.

किशोरवयातल्या मुलाशी थोडा वेळ एकट्यानं बोलायचंच, हा आमचा नेम. आई-वडील बाहेर गेल्यावर सोहम बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं उंचीबद्दल काहीच विचारलं नाही. शिबिरात सगळ्यांसोबत आंघोळ करावी लागते, हे त्यानं सांगितलं. वर्गातल्या जवळपास सगळ्यांचे आवाज फुटले होते, काहींना मिसरूड होतं. "माझं होईल ना, सर?" एवढंच त्यानं विचारलं.

इथे प्रकरणाचा रोख बदलला. उंची कमी असणं आणि वयात यायला उशीर होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, जरी त्या बहुतेकदा हातात हात घालून येतात. वडिलांच्या प्रश्नाला उत्तर देत बसलो असतो तर मुलाचा प्रश्न तसाच राहिला असता.

कपाटातली कागदपत्रं

एका दिवशी घेतलेली उंची फारसं काही सांगत नाही. मूल कोणत्या वाटेनं तिथवर आलं, हे पाहावं लागतं. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या सरदारानं १७५९ ते १७७७ या काळात आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत नियमित मोजून ठेवली; एका मुलाच्या वाढीची अशी सलग नोंद म्हणून ती आजही दाखवली जाते. आपल्याकडे सरदार नसले तरी दाखले जपून ठेवणाऱ्या आया आहेत. मी सोहमच्या आईला जन्माचं कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि शाळेची सगळी प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली. पुष्कळ शाळा प्रगतिपुस्तकावर उंची आणि वजन लिहितात, आणि ते सहसा कुणी वाचत नाही.

आठवड्याभरात पिशवी आली. जन्म ३८ व्या आठवड्यात, वजन २.८ किलो. म्हणजे पोटात असताना वाढ व्यवस्थित झाली होती. याला महत्त्व आहे, कारण गर्भातच वाढ खुंटलेली काही मुलं पुढे बुटकी राहतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. पोटातली वाढ मुख्यतः वारेतून मिळणाऱ्या पोषणावर आणि आईच्या शरीरावर चालते. आई-वडिलांकडून आलेली उंचीची ठेवण तेव्हा फारशी दिसत नाही. ती जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत दिसू लागते. म्हणून या काळात अनेक निरोगी बाळं तक्त्यावरची आपली रेषा बदलतात. पहिल्या वर्षात बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १० ते १२, आणि मग वेग ओसरत जाऊन बालपणात वर्षाला ५-६ वर स्थिरावतो.

सोहमच्या लसीकरणाच्या कार्डावर वजनाचा आलेख सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत हळूहळू खाली सरकला होता आणि तिथून पुढे खालच्या रेषांना समांतर चालला होता. आई त्या काळात त्याला घेऊन भूक वाढवायची औषधं आणायला फिरली होती. प्रगतिपुस्तकांतून पुढचे आकडे मिळाले: ६ व्या वर्षी १०६ सेंटिमीटर, ८ व्या वर्षी ११६, १० व्या वर्षी १२५, १२ व्या वर्षी १३३, १३ व्या वर्षी १३७. चौथीच्या पुस्तकात १२८ होते आणि पाचवीत १२५. मूल आखडत नाही. कुणीतरी बूट न काढता मोजलं असणार. तो आकडा सोडून दिला.

उरलेल्या ठिपक्यांची रेषा स्वच्छ होती. वर्षाला ५, मग साडेचार, मग ४. वयात येण्याच्या आधी वेग थोडा मंदावतोच. ज्याचं वयात येणं लांबतं, त्याचा हा मंद काळही लांबतो. सोहमची रेषा कुठेही एकाएकी तुटली नव्हती. ती तुटली असती, म्हणजे वर्षाला ५ नं वाढणारा मुलगा अचानक २ वर आला असता, तर मी त्याच दिवशी थायरॉइड आणि मेंदूतल्या गाठीचा विचार केला असता. वर्गमित्र वेगानं वर गेले आणि हा आपल्या चालीनं चालत राहिला, म्हणून तो मागे पडलेला दिसला.

आजीनं सांगितलेलं

पहिल्या भेटीत वडिलांना विचारलं होतं, "तुम्ही स्वतः कधी वाढलात?" ते म्हणाले, "नॉर्मलच होतो." दुसऱ्या वेळी आजी सोबत आल्या आणि त्यांना हा प्रश्न विचारायचीही गरज पडली नाही. "याचा बाप बी असाच होता, डॉक्टर साहेब. मॅट्रिक झाला तरी पोट्टा लहानाच दिसे. कॉलेजात गेला अन् मंग एकदम वाढला. हे काऊन घाबरून राहिले?" वडील हसले, पण कानापर्यंत लाल झाले. नंतर त्यांनीच सांगितलं की अकरावीत त्यांचीही चेष्टा व्हायची आणि ते दिवस त्यांना पुन्हा काढायचे नव्हते. आईची पाळीही पंधराव्या वर्षी सुरू झालेली.

वाढ आणि वयात येणं या दोन्हींचा असा उशीर, ज्याला डॉक्टर मंडळी कॉन्स्टिट्यूशनल डिले म्हणतात, हे मुलग्यांमध्ये वयात येणं लांबण्याचं सर्वांत जास्त आढळणारं कारण आहे, आणि निम्म्याहून अधिक घरांत तो आधीच्या पिढीतही सापडतो. आजोबा-आजींना विचारा असं मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो. बाप स्वतःच्या किशोरवयाबद्दल क्वचितच खरं बोलतो.

तपासणी

मुलग्यांमध्ये वयात येण्याची पहिली खूण आवाज किंवा मिशी नसते. आधी वृषणं वाढतात. ४ मिलिलिटरला पोचली की सुरुवात झाली असं मानतात. मोजायला वेगवेगळ्या आकाराच्या मण्यांची एक माळ असते, ऑर्किडोमीटर. १४ वर्षं पूर्ण होऊनही ही खूण दिसली नाही तर त्याला उशीर म्हणायचं. सोहमची दोन्ही वृषणं ३ मिलिलिटर, जागेवर उतरलेली.

मग मी त्याला डोळे मिटायला सांगून कॉफी, साबण आणि संत्र्याची साल हुंगायला दिली. वडिलांना हा पोरखेळ वाटला, पण त्यामागे गर्भावस्थेतली एक गोष्ट आहे. वयात येण्याचा संदेश मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या मोजक्या पेशी देतात. त्या पेशी जन्म घेतात मात्र नाकाच्या भागात. गर्भ जेमतेम सहा-सात आठवड्यांचा असताना त्या वास घेणाऱ्या नसांच्या वाटेनं मेंदूकडे निघतात. हा प्रवास अर्धवट राहिला तर मुलाला वास कळत नाही आणि चौदा-पंधरा वर्षांनी तो वयातही येत नाही. या आजाराला कालमन सिंड्रोम म्हणतात.

प्रवास पुरा झाला की या पेशी गर्भातच कामाला लागतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्यांचा जोर पुन्हा वाढतो. मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) काही काळ वयात येणाऱ्या मुलासारखं चढतं आणि सहा महिन्यांपर्यंत उतरतं. मग सगळं बालपणभर ही यंत्रणा गप्प असते. वयात येताना ती नव्यानं तयार होत नाही, पुन्हा जागी होते. म्हणूनच वृषणं जन्मतः उतरली होती का, लिंगाची वाढ ठीक होती का, हे चौदाव्या वर्षीही विचारावं लागतं.

सोहमनं तिन्ही वास अचूक ओळखले. डोकेदुखी, नजर कमी होणं, फार तहान लागणं यातलं काही नव्हतं. रक्तातलं हिमोग्लोबिन, मूत्रपिंड, थायरॉइड, गव्हाच्या ॲलर्जीसारखा दिसणारा सीलिॲक आजार, सगळं व्यवस्थित. सकाळी आठ वाजता घेतलेलं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, जे अपेक्षितच होतं.

डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडाचं वय साडेअकरा आलं आणि घरात गोंधळ उडाला. आजींना वाटलं जन्मदाखला चुकलाय. वडिलांना वाटलं मुलाची तीन वर्षं कुठेतरी हरवली. खरं तर त्या अहवालातली ही सर्वांत चांगली बातमी होती. हाडांची टोकं अजून उघडी आहेत, म्हणजे वाढायला जागा शिल्लक आहे. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालच्या खेळाडूंचं वय पडताळायला असाच एक्स-रे वापरतात. सोहमसारखा मुलगा पाहिला की कळतं, हाड आपलं वय सांगतं, जन्मतारीख नाही.

आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाची अपेक्षित उंची काढतात: दोघांची बेरीज, त्यात १३ मिळवायचे, निम्मे करायचे. वडील १६८, आई १५५, म्हणजे १६८, पाच-सात सेंटिमीटर इकडेतिकडे. हा आकडा सांगताना मी मुद्दाम म्हणालो की उशिरा वाढणारी काही मुलं त्याच्या थोडी खाली थांबतात.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय घरच्यांचा, वाढीच्या संप्रेरकाची रोजची इंजेक्शनं. ती महागडी असतात, वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, आणि या प्रकारच्या उशिरात त्यांचा फायदा नगण्य. त्या संप्रेरकाची चाचणी तरी करून घ्यावी का, हा प्रश्न रास्त होता. पण वयात न आलेल्या मोठ्या मुलात ही चाचणी तशीच केली तर निकाल खोटाच कमी येऊ शकतो. आधी थोडं टेस्टोस्टेरॉन देऊन मग ती करावी लागते. रेषा अखंड, हाडाचं वय आणि उंचीचं वय (एवढी उंची साधारण ज्या वयात असते ते) जुळणारं, घराण्यात इतिहास. मी नको म्हणालो.

दुसरा पर्याय मामांचा: दाखल्यावरचं वय कमी करून घ्या, नाहीतर नववीत एक वर्ष मागे ठेवा, "त्याच्या साइजच्या पोरांत राहील." दाखल्याची गोष्ट तिथेच संपली, तो गुन्हा आहे. वर्ष मागे ठेवण्याच्या सूचनेवर मात्र आई-वडील गंभीरपणे विचार करत होते. यावर मी बराच वेळ घेतला. हाडं साडेअकराची असली तरी समज, भाषा, तर्क, मैत्रीची गरज हे सगळं चौदाचंच असतं. मेंदूची जडणघडण संप्रेरकांची वाट बघत थांबत नाही, आणि ती विशीच्या मध्यापर्यंत चालूच राहते. लहान मुलांत बसवलं की मोठी माणसं त्याला लहान समजून वागवतील. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मेरी कव्हर जोन्स आणि नॅन्सी बेली यांनी उशिरा वयात येणाऱ्या मुलग्यांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं होतं: अशी मुलं लहान दिसतात म्हणून लहानासारखी वागवली जातात, आणि मग तशीच वागू लागतात.

तिसरा पर्याय, काही न करता वाट पाहणं. चौथा, टेस्टोस्टेरॉनची थोड्या महिन्यांची कमी मात्रा, ज्यानं झोपलेली यंत्रणा जागी व्हायला मदत होते आणि अंतिम उंचीला धक्का लागत नाही. जास्त मात्रा किंवा लांबलेला कोर्स मात्र हाडांची टोकं लवकर बंद करतो. जिममध्ये मिळणाऱ्या वस्तूंपासून लांब राहायला सांगताना हेच कारण दिलं.

निर्णय आणि कृती

आधी सहा महिने थांबायचं ठरलं. दर तीन महिन्यांनी उंची, तीही एकाच भिंतीवरच्या मापकावर, सकाळच्या वेळी. दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर कमी भरतो. पावडर बंद. बारवर लटकणं त्याला आवडत असेल तर करू दे, उंचीसाठी नाही. शाळेत आई वर्गशिक्षिकेला भेटली आणि पीटीची रांग उंचीनुसार न लावता हजेरी क्रमांकानं लावायचं त्यांनी मान्य केलं.

सोहमला वाढीचा तक्ता समोर ठेवून वडिलांची कहाणी वडिलांच्याच तोंडून ऐकवली. हे करायला वडिलांना दोन भेटी लागल्या.

१४ वर्षं ८ महिन्यांना उंची १४३, वृषणं अजून ३ मिलिलिटर. शाळेतली गैरहजेरी वाढलेली, पुढच्या वर्षी दहावी. इथे खरा निर्णय होता. शरीराच्या दृष्टीनं अजून थांबायला काहीच हरकत नव्हती, आणि माझ्या ओळखीतले काही जण थांबले असते. उपचाराची गरज हाडांना नव्हती, मुलाला होती. हे मी तसंच सांगितलं आणि उत्तर सोहमला विचारलं. तो म्हणाला, "द्या." आई-वडिलांनी संमतीपत्रावर सही केली. महिन्याला एक याप्रमाणे टेस्टोस्टेरॉनची ५० मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं दिली.

एक शंका शिल्लक होती आणि ती घरच्यांनाही माहीत होती. या वयात साधा उशीर आणि कायमची कमतरता यांत रक्ताच्या तपासणीनं खात्रीनं फरक करता येत नाही. तो फरक काळ दाखवतो. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉननं केस येतील, आवाज थोडा बदलेल, पण वृषणं वाढणार नाहीत. ती वाढली तर समजायचं, शरीराची स्वतःची यंत्रणा सुरू झाली.

परिणाम

चौथ्या इंजेक्शननंतर दोन महिन्यांनी माळेवरचं माप ६ मिलिलिटर आलं. पुढे एकही इंजेक्शन लागलं नाही. १६ व्या वर्षी उंची १५४, १७ व्या वर्षी १६२. वर्गातल्या मुलांची वाढ थांबत आली तेव्हा याची ऐन भरात होती. अठरा पूर्ण करताना १६६, मनगटाच्या एक्स-रेवर हाडाचं वय साडेसोळा, म्हणजे थोडी वाढ अजून बाकी.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दहावीच्या वर्षात चेहऱ्यावर पुरळ, चिडचिड, आजीशी भांडणं. हे सगळं इतर मुलांनी नववीत उरकलं होतं. लेगस्पिन परत आली नाही. मैदानावरच्या त्याच्या जागेवर दुसरा मुलगा बसला होता, आणि हात-पाय भराभर वाढत असताना चेंडूवरचा ताबा काही काळ सुटतोच. तो आता पंचगिरी शिकतो.

वेगळं काय करता आलं असतं

पाचव्या वर्षानंतर सोहमला ताप-खोकल्याशिवाय कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं, आणि ताप-खोकल्याच्या भेटीत उंची मोजली जात नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मुलांची तपासणी होते, पण ती अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत. सोहमची विनाअनुदानित शाळा त्या जाळ्याबाहेर होती. तिथल्या प्रगतिपुस्तकांत आकडे मात्र होते. ते एका तक्त्यावर मांडायला शाळेत कुणी बसलं असतं तर सातवीतच रेषा दिसली असती. तेव्हा उपचार काहीच केले नसते, पण पावडरचे पैसे वाचले असते आणि पुढे काय होणार हे मुलाला आधी कळलं असतं.

समुपदेशक दहावीत आणला, तो नववीच्या सुरुवातीला हवा होता. सहा महिन्यांची वाट पाहणं मला आजही योग्य वाटतं. त्या सहा महिन्यांत मुलाला फक्त मोजणं पुरेसं नव्हतं, पीटीच्या पलीकडेही शाळेशी बोलायला हवं होतं.

हीच कहाणी मुलीची असती तर मार्ग वेगळा असता. मुलींमध्ये १३ व्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नाही तर तपास करायचा, आणि उंची कमी असण्याचं कारण सापडत नसेल तर घराण्यात उशीर आहे म्हणून थांबायचं नाही. टर्नर सिंड्रोमसाठी, म्हणजे मुलीत एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं यासाठी, गुणसूत्रांची तपासणी करून घ्यायची. सोहमची बहीण आता अकरा वर्षांची आहे. तिचा ठिपका खालून तिसऱ्या रेषेवर आहे, वेग वर्षाला साडेपाच, आणि तिची उंची दर सहा महिन्यांनी वडील स्वतः मोजून लिहून ठेवतात.